आघाडी मिळाली की

रवि., ४ मे

आइस हॉकीचा पहिला सामना. ०–८.

घरून, पापाकुराहून, अंधारातच निघालो. मोटरवे रिकामा. शेजारी इरा टोस्ट खात, मागे तिची बॅग. चौदा वर्षांची मुलगी त्या बॅगेत पाय दुमडून आरामात मावेल.

रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, पार्किंगमध्ये म्हणाली, "बाबा, प्लीज. ते बोलू नकोस."

"काय?"

"द लुक-आफ्टर थिंग."

म्हणजे 'सांभाळून घ्या'. पुण्याहून इथे आलो तेव्हा शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्या बाईंना म्हणालो होतो. मग पोहण्याच्या मास्तरांना, दातांच्या डॉक्टरांना. माझ्या बायकोचं, मधुराचं, म्हणणं, गाडी सर्व्हिसिंगला देताना मी मेकॅनिकलाही म्हणतो. कुणाच्या हाती काही सोपवलं की तोंडातून निघतंच. इराला ते इंग्रजीत ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. बोललो नाही. कोच ग्रेगशी नुसता हात मिळवला.

इरा दुसरी गोलकीपर. पहिला कूपर, तिच्याच वर्गातला, शांत मुलगा. दुसऱ्या गोलकीपरने पॅड बांधून, सगळा जामानिमा करून बाकाच्या टोकाला दाराशी बसायचं. खेळाडू सारखे आत-बाहेर होतात, त्यांच्यासाठी दार उघडायचं आणि लावायचं. आठ गोल होईपर्यंत तिने ते केलं.

मलाही दारच मिळालं. फाऊल करणाऱ्या मुलाला दोन मिनिटं काचेच्या पेटीत बसवतात, त्या पेटीचं. बाकाच्या बरोबर समोर, मैदानापलीकडे. शेजारी दुसऱ्या संघाचा मॅनेजर रसेल. उत्तरेकडचा संघ, बरीच मुलं अल्बनीकडची. भला माणूस. आल्याची बिस्किटं डब्यातून पुढे करत राहिला. आठव्या गोलला त्याने 'सॉरी, मेट' म्हटलं.

नंतर ग्रेग म्हणाला, "तिला संधी मिळणार, मेट. आपल्याला आघाडी मिळाली की लगेच घालतो."

बरं.

मंगळ., ६ मे

ग्रेगला कळलं की मी लिहितो. क्लबच्या पानासाठी दर आठवड्याला सामन्याचा छोटा वृत्तान्त, सोमवारी संध्याकाळपर्यंत. हो म्हणालो. आयुष्य पुण्यात क्रीडा पानावर गेलं, आणि अजून दर गुरुवारी तिकडच्या पेपरला सदर जातं. वेळेवर मजकूर देणं एवढी एक गोष्ट मला खात्रीने येते.

डेस्कवर नियम होता: पराभवाचं क्रियापद एका पानावर दोनदा नको. धुव्वा उडवला, लोळवलं, नमवलं, धूळ चारली, पाणी पाजलं. इंग्रजीत माझ्याकडे एवढा साठा नाही. हा मोसम कसा निघायचा.

इराने वाचून दिला. "इट्स फाइन." तिचं नाव त्यात नव्हतं. दार उघडण्याचं काही लिहीत नाहीत.

बुध., १४ मे

सराव. आज पहिल्यांदा नीट उभा राहून पाहिलं.

मला या खेळातलं कळत नाही. पक म्हणजे ती काळी रबरी चकती, ती मला निम्म्या वेळी दिसतच नाही. पण कुणाला भीती वाटते आणि कुणाला नाही, हे कुठल्याही खेळात दिसतं. एक थोराड मुलगा सुसाट आला, मारलं, पक थेट इराच्या मास्कवर. ठण्ण. ती हसली. आवाज नाही आला, पण खांदे हलले. मग काठी बर्फावर दोनदा आपटली: ठक ठक. पुन्हा मार.

परतताना विचारलं, त्या ठकठकीचा अर्थ काय.

"मीन्स आय ॲम रेडी."

पापाकुरा आल्यावर खिडकीकडे बघत, "जस्ट वन गेम, बाबा. वीस गोल झाले तरी चालतील."

पुढच्या वर्षी ती या वयोगटातून बाहेर. वरच्या गटात सतरा वर्षांचे मुलगे, दोन गोलकीपर आधीच ठरलेले. म्हणजे जे व्हायचं ते याच मोसमात.

रवि., १८ मे

१–६. त्यातले दोन गोल आपल्या मूर्खपणाचे. बर्फावर एकावेळी ठरावीकच खेळाडू चालतात. एक बाकाकडे परत यायच्या आत दुसरा उडी मारून आत. शिट्टी. दंड. पोरगं माझ्या पेटीत, डोकं खाली. हे तीनदा झालं.

ग्रेग वैतागला होता. मी सहज म्हणालो, आमच्याकडे एक खेळ आहे, त्यात सगळे ओळीने बसलेले असतात. मागून पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. उठला तर फाऊल. जो खो देतो तो बसतो, ज्याला मिळतो तो पळतो.

"काय म्हणतात त्याला?"

"खो-खो."

"कोको?"

इरा दोन हातांवर होती. तिने बॅगेची चेन उघडली आणि परत लावली.

बुध., २१ मे

ग्रेगने खरंच घेतलं ते. मलाच मुलांना समजावून सांगायला लावलं. बर्फावर बूट घालून उभा राहून क्रीडा पत्रकाराने खो-खो शिकवला. दाराशी जो बसतो त्याने खो द्यायचा असं ठरलं, म्हणजे इराने. आधी तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मग पहिल्या पोराच्या पाठीवर असा रट्टा दिला की तो धडपडतच आत गेला.

मुलं ओरडत होती, कोको, कोको.

"इट्स खो," इरा म्हणाली. "ख. लाइक यू'र क्लिअरिंग युअर थ्रोट."

सगळे घसा खाकरायला लागले.

रवि., १ जून

२–५. एकही दंड नाही त्या कारणाचा. इरा बाकाच्या टोकाला पाय फाकून बसलेली, पॅडमुळे तसंच बसावं लागतं, आणि एकेकाच्या पाठीवर हात मारत होती. कोण दमला, कोण परत येतोय, सगळं तिच्या नजरेत. ग्रेगने नंतर तिचं सर्वांसमोर कौतुक केलं. बेस्ट गेट इन द लीग.

गाडीत म्हणाली, "आय गिव्ह एव्हरीवन खो."

वृत्तान्तात तिचं नाव घातलं. तिने काढायला लावलं.

शनि., ७ जून

पापाटोएटोला किराणा. मधुराला सुट्टी होती, बऱ्याच दिवसांनी तिघं एकत्र. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, इराचे मसाला शेंगदाणे. दुकानात कुलकर्णी भेटला, फार्मासिस्ट, गणपतीत आमच्याबरोबर आरतीला असतो.

"काय म्हणतेय आइस हॉकी? जिंकलात का?"

"नाही अजून."

"एकही नाही? मग क्रिकेटला घाल की. इथे मुलींना जागाच जागा आहे. हे गोठायचं काम कशाला?"

मधुरा म्हणाली, "भाऊजी, तुमच्या रोहनला तबला सोडून किती दिवस झाले?"

कुलकर्णी हसला. इरा शेंगदाण्याच्या पाकिटावरचा मजकूर वाचत होती. मराठी वाचता येत नाही तिला.

गाडीत म. मला म्हणाली, "तू बोल ना त्या कोचशी. सरळ विचार."

"डोन्ट," मागून आवाज.

रवि., १५ जून

०–७.

विचारलं. इरा कपडे बदलत होती तेव्हा. ग्रेग प्रामाणिक माणूस आहे, हीच अडचण. म्हणाला, "मेट, हरताना नवीन गोलकीपर घालणं म्हणजे तिला लांडग्यांपुढे टाकणं. आत्मविश्वास कायमचा जातो. मी पाहिलंय. दोन गोलांची आघाडी मिळू दे, त्या दिवशी ती आत."

"आघाडी मिळालीच नाही तर?"

त्याने डोकं खाजवलं. "मिळेल की एकदा तरी."

मी गुणतक्ता पाहून हे कुणाच्याही बाबतीत म्हटलं नसतं.

शुक्र., २० जून

मातारिकीची, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या नववर्षाची, सुट्टी. म. हॉस्पिटलात ड्यूटीवर. इरा गॅरेजच्या दारासमोर उभी, मी टेनिसचे चेंडू मारतोय. माझे फटके इतके पुचाट की ती वैतागली. "हार्डर, बाबा. यू'र बीइंग नाइस."

मारले. खांदा दुखतोय. एक तिच्या दंडावर बसला, मी थांबलो, तर ठक ठक.

रवि., २९ जून

२–४. वृत्तान्तात 'बीटन'. गेल्या सामन्यालाही तेच होतं. डेस्कवरच्या जुन्या साहेबांनी फाडून टाकला असता.

रवि., १३ जुलै

हे जपून लिहितो.

तीनपैकी दुसऱ्या भागात आपण २–१ पुढे. मोसमात पहिल्यांदा. पलीकडे बाकावर मुलं एकमेकांच्या हेल्मेटवर बडवत होती. ग्रेगने मान वळवून दाराकडे पाहिलं. इराने मांडीवरचा मास्क उचलला आणि चढवला. हनुवटीचा पट्टा लावला. मी पेटीच्या दाराची कडी धरून उभा. ग्रेगने बोट वर केलं, एक. म्हणजे आणखी एक गोल.

त्याने बोट खाली घेतलं नसेल तोच बरोबरी झाली. मग तिसरा. मग चौथा.

ती मास्क घालूनच बसून राहिली. दार उघडत होती, खो देत होती, मास्कच्या आतून. बराच वेळ काढला नाही. मग काढला.

२–५.

घरी येताना डेअरीतून, कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, चिप्स घेतल्या. खाल्ल्या नाहीत.

गुरु., १७ जुलै

सदर पाठवलं. विषय: लहान मुलांच्या खेळात निकालाचं महत्त्व नसतं. संपादकांना आवडलं. मी आता स्वतःचं छापलेलं वाचत नाही.

बुध., ६ ऑगस्ट

सरावानंतर कूपर माझ्यापाशी आला. "शी'ज बेटर दॅन मी, यू नो. ऑन द लो वन्स." खाली येणाऱ्या फटक्यांना म्हणे. त्याचा आवाज आता फुटतोय. मी थँक्यू म्हणालो. तो म्हणाला, "इट्स हार्ड बीइंग इन देअर ऑल द टाइम." दर सामन्यात तो एकटा पाच-सात गोल खातो. त्याचा विचार मी केलाच नव्हता.

शनि., ९ ऑगस्ट

कूपरला ताप. त्याच्या आईचा ग्रेगला मेसेज, ग्रेगचा मला. उद्या इरा.

म.ने संध्याकाळी शिरा केला. मी म्हणालो, परीक्षा आहे का? म्हणाली, "तू गप्प बस." इराने दोनदा घेऊन खाल्ला. बॅग स्वतः भरली, परत रिकामी केली, परत भरली. म.ने उद्याची ड्यूटी बदलून घेतली. ती या मोसमात एकाही सामन्याला येऊ शकलेली नाही.

रवि., १० ऑगस्ट

सामना रद्द.

रिंकचं गारठवायचं यंत्र बिघडलं. बर्फावर पाणी. गोलसमोर तर चक्क डबकं. एक माणूस रबरी झाडूने पाणी ढकलत होता, मग त्यानेही सोडून दिलं. दोन्ही संघ जामानिमा करून उभे. पंचांनी आत पाय टाकला, बुटाचा ठसा उमटला, त्यांनी मान हलवली.

हा सामना परत घेणार नाहीत. तारखाच नाहीत.

म. इराच्या पाठीवर हात ठेवून उभी. पॅडच्या जाडीमुळे तिला तो कळलाही नसेल.

इरा म्हणाली, "इट्स ओके, आई. यू वेस्टेड युअर डे ऑफ."

मंगळ., १२ ऑगस्ट

कूपर बरा झाला.

रवि., १७ ऑगस्ट

१–८. एकच सामना उरला. लिहिण्यासारखं काही नाही.

रवि., २४ ऑगस्ट

शेवटचा. परत उत्तरेकडचा संघ, परत रसेल, परत आल्याची बिस्किटं. त्यांचा पहिला नंबर कधीच पक्का झालाय, आपला शेवटचाही.

तिसरा भाग अर्धा संपला तेव्हा ०–९. खेळ थांबला होता, कुणाच्या तरी स्केटची लेस तुटली म्हणून. कूपर गोलमधून निघाला आणि सरळ बाकाकडे. वाटलं, पाणी प्यायला. इरा सवयीने दार उघडायला उठली. त्याने तिला खांद्याला धरून वळवलं, पाठीवर हात मारला. काचेपलीकडून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तोंड दिसलं. कोको नव्हे. नीट खो.

आणि तिच्या जागी बसला.

ग्रेग त्याच्याकडे पाहत राहिला. मग इराकडे. मग खांदे उडवले आणि हाताने, जा.

सगळं बाक काठ्या आपटायला लागलं. तिला पट्टा लावता येईना. कूपरनेच लावला. मग ती निघाली, ते जड पॅड घेऊन, मैदानाच्या त्या टोकाला, एकटी. गोलसमोरचं बर्फ स्केटने खरवडलं, दोन्ही खांबांना काठी लावून पाहिली.

रसेल म्हणाला, "युअर गर्ल?"

"येस. हर फर्स्ट गेम." आणि मग, "प्लीज लुक आफ्टर हर."

"स्वीट ॲज, मेट." म्हणजे काळजीच नको. त्याने डबा खाली ठेवला, काचेवर टकटक केलं आणि जवळून जाणाऱ्या त्यांच्या कप्तानाला बोलावून वाकून काहीतरी सांगितलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी माझ्या मुलीकडे पाहत होतो.

खेळ सुरू. पक त्यांच्याकडे. या काठीवरून त्या काठीवर. इरा गुडघ्यात वाकलेली, प्रत्येक पासबरोबर सरकतेय, डावीकडे, उजवीकडे. फार छान सरकत होती. एकजण तिच्यासमोर मोकळा आला, मध्ये कुणीही नाही. त्याने पक मागे दिला. दुसरा आला, त्यानेही मागे. आधी वाटलं, डाव रचताहेत. मी इतके सामने पाहिलेत, मला कळायला एवढा वेळ लागायला नको होता.

तिला माझ्याआधी कळलं. ती सरळ उभी राहिली. काठी बर्फावर आपटली. ठक ठक.

पास.

ठक ठक. ठक ठक.

भोंगा वाजला. एकही फटका आला नाही. त्यांची मुलं रांगेने येऊन तिच्या पॅडवर काठ्या टेकवून गेली, गुड जॉब, गुड जॉब. रसेलने माझ्या पाठीवर हात मारला.

गाडीत, बरंच पुढे आल्यावर, "दे डिडन्ट शूट."

"हं."

"डिड समवन टेल देम?"

"माहीत नाही," म्हणालो.

सोम., २५ ऑगस्ट

ग्रेगचा मेसेज: इरावर एकही गोल नाही! वृत्तान्तात वर घे हे.

घेतलं. लिहून झालं. एकही वाक्य खोटं नाही. बदली गोलकीपर उतरल्यावर प्रतिस्पर्ध्यांना एकही गोल करता आला नाही. 'करता आला नाही' हेच तेवढं खटकलं. बदललं: 'केला नाही.' मग सगळंच वाचवेना.

म. ड्यूटीवरून आली तेव्हा मी ओट्याशी उभा होतो. सांगितलं तिला. काय बोललो, रसेलने कुणाला बोलावलं.

"अरे, तू त्याला ते म्हणालास?"

"निघून गेलं तोंडातून."

तिने बूट काढले, भिंतीशी लावून ठेवले. मग म्हणाली, "वॉर्डात पेशंटला सगळ्यात जास्त कधी लागतं माहितेय? आपण त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागतो तेव्हा."

"सांगतो मी तिला."

"कधी?"

वृत्तान्त पाठवला नाही. संध्याकाळ गेली. असं पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही.

बुध., २७ ऑगस्ट

ग्रेगने आठवण केली. उत्तर दिलं नाही. इराला सांगायला तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. अभ्यास करत होती. दूध हवंय का विचारून परत आलो.

शनि., ३० ऑगस्ट

बक्षीस समारंभ, रिंकच्या आवारात, सगळे संघ. पावात सॉसेज, कांदा, कागदी प्लेटा. आपल्याला खिलाडूवृत्तीचं काहीतरी मिळालं. शेवटच्या संघाला ते मिळतंच, मी पूर्वी याच्या बातम्या केल्यात.

इरा माझ्या शेजारी उभी होती. रसेल आला, हाताला सॉसचा डाग, चेहरा प्रसन्न.

"वी लुक्ड आफ्टर हर फॉर यू, ए?"

तो खरंच चांगला माणूस आहे. इराला म्हणाला, पुढच्या वर्षी भेटू. ती म्हणाली, "थँक यू." प्लेट सरळ धरलेली.

गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही.

"तू त्यांना सांभाळून घ्या म्हणालास?"

मराठीत. सबंध वाक्य. ती माझ्याशी असं शेवटचं कधी बोलली, मला सांगता येणार नाही.

"हो."

"आणि मला माहीत नाही म्हणालास."

"हो."

मग मी बोलत सुटलो. आपल्याकडे हे सगळेच म्हणतात, लग्नात म्हणतात, नोकरीला लागताना म्हणतात, त्याचा तसा अर्थ नसतो, ती एक रीत आहे.

"देन व्हाय डू यू से इट." प्रश्न नव्हता तो.

मोटरवेवर पाऊस. घरी आल्यावर तिने बॅग गॅरेजमध्ये ठेवली, दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोम., १ सप्टें.

ग्रेगला लिहून टाकलं, शेवटचा वृत्तान्त माझ्याकडून होणार नाही. 'नो वरीज, मेट.' त्याने स्वतःच चार ओळी लावल्या. वर मोठ्या अक्षरात, इराज क्लीन शीट. सोबत फोटो: ती गोलमध्ये सरळ उभी, काठी बर्फावर टेकलेली. वाट पाहते आहे असं फोटोत दिसत नाही. आरामात उभी आहे असं दिसतं.

तिने पाहिला की नाही, कळायला मार्ग नाही. जेवताना पोळी मागितली, मीठ मागितलं. म. दोन्हीकडून बोलत होती.

शनि., ६ सप्टें.

रिंकच्या पार्किंगमध्ये, गाडीत.

आज क्लबचे पॅड, बॅगेसकट, परत करायचा दिवस. वरच्या गटाच्या चाचणीला ज्यांना उतरायचंय त्यांनी पॅड ठेवून घ्यायचे आणि तिथेच नाव सांगायचं. एकच टेबल, त्यामागे ग्रेग.

सकाळी तीच तयार होऊन उभी होती. पोचल्यावर मी उतरायला लागलो.

"नको. गाडीत बस."

परत मराठीत. मी बसलो. तिने मागचं दार उघडलं, बॅग ओढली, मदत करायला माझा हात पुढे झाला तो मागे घेतला. खांद्याला लावून वाकून चालत आत गेली. वळून पाहिलं नाही.

तिथे दोन गोलकीपर आहेत, सतरा-सतरा वर्षांचे. नाव सांगितलं तरी चाचणीत निवड होण्यासारखी नाही, झालीच तर पुन्हा दार आहे. ते तिला माझ्याहून चांगलं कळतं. आणि पॅड परत दिले, तर तिच्या खात्यावर शेवटचं जे काही आहे ते त्या रविवारचं.

कूपर आणि त्याची आई बाहेर आले. हात रिकामे. त्याने पॅड दिलेले दिसतात. त्याला मी दिसलो, त्याने हात केला. मीही केला.

काच धुरकट होतेय. बाहीने पुसली.

बाहेर येईल तेव्हा बॅग खांद्यावर असेल किंवा नसेल. विचारायचं नाही असं ठरवलंय. कशी आहेस, काय म्हणाले, काहीच नाही.

दार उघडलं. एक बाई, लहान मुलाला घेऊन. दार परत लागलं.

बसलोय.